नात्यातलं चालत नाही

मुलीच्या घरून परतल्यापासून आईच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. लेकीला कळेल, तेव्हा ती मागे मोजत जाईल.

जावयाच्या पाठीला, पार खाली माकडहाडाशी, जखम झाली होती. लेकीला ते ठाऊक नव्हतं. आईला होतं, खुद्द जावयाला होतं, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला होतं. रोज त्याच्याच खोलीत झोपणाऱ्या त्याच्या बायकोला तेवढं नव्हतं. आणि तिला सांगायचं नाही, असं जावयानं आईकडून कबूल करून घेतलं होतं.

जखम वाईटच होती. पण आईला धास्ती होती ती लेकीची. दुसरी कुणी असती तर रडली असती, दोन दिवस शेजारणीच्या नावानं बोटं मोडली असती आणि कामाला लागली असती. ही त्यातली नव्हती. ही बसून आठवत जाईल, कुठल्या दिवशी आपल्या लक्षात यायला हवं होतं, त्या दिवशी आपण कुठे होतो, आणि त्यातून ती कधी उठायचीच नाही.

लहानपणापासूनची खोड होती ती. लपाछपीत हिच्यावर राज्य आलं की भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजायची. मध्ये एखादा आकडा गाळला असं वाटलं की पुन्हा एकपासून. लपलेली पोरं कंटाळून एकेक करत घरी जेवायला निघून जायची, आणि ही अंधार पडला तरी मोजतेच आहे. तिचे वडील तिला 'तराजू' म्हणायचे. कुणाचं भांडण झालं की हसून म्हणायचे, "आमच्या तराजूला विचारा." त्यांना कौतुक होतं. आईला मात्र तेव्हाही वाटायचं, जगात सगळे अंदाजानं जगतात, या पोरीचं कसं व्हायचं?

तिचं तसं बरं झालं. शिकली, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायचं काम. तिथे ही खोड गुणात धरली गेली. डॉक्टरांना शंका आली की ते तिच्याच हातचा रिपोर्ट मागवायचे. लग्न झालं ते पोलादाच्या गोदामात क्रेन चालवणाऱ्याशी. आडदांड, थट्टेखोर माणूस. "दिवसभर मी लोकांच्या डोक्यावर बसतो," तो म्हणायचा, "आणि घरी आलो की ही माझ्या." ती हसायची. तिला हसवणं सोपं नव्हतं, पण त्याला ते जमायचं.

एके दिवशी क्रेनवरून उतरताना शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर त्याचा पाय सटकला. इतक्या उंचीवरून वर्षानुवर्षं उतरणारा माणूस पडला तो जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवरून. मानेखालचा मणका दुखावला. छातीपासून खाली काही कळेना. हात हलत होते, पण पेला धरण्याइतकी पकड उरली नव्हती.

लेकीनं नोकरी सोडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची नळी पाहायची, पिशवी रिकामी करायची, आखडलेले पाय ताणून द्यायचे, पाठीवर कुठे लाली दिसते का ते बघायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पाठ सांभाळा. यांना दुखणार नाही, म्हणून तुम्हालाच पाहावं लागेल." ती डोळ्यांत तेल घालून बघायची. एक डाग येऊ दिला नाही. पण दोन वर्षांत ती वाळून काटकी झाली. घरात बोलणं उरलं नव्हतं. त्याच्या थट्टा आटल्या, तिचं हसू त्याआधीच गेलं होतं. आई फोन करायची तेव्हा पलीकडून "हं" आणि "बरं" एवढंच यायचं.

त्याला कंपनीकडून दरमहा पेन्शन मिळायचं, पण ते कर कापून. त्यात व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या माणसाची फी बसत नव्हती. कुणीतरी म्हणालं, आजारी माणसाची घरी देखभाल करायचा खर्च करातून वजा मिळतो, सल्लागाराला भेटा. आई तेव्हा आलेलीच होती. दोघी मिळून गेल्या.

टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. खालून रबराचा वास वर यायचा. सल्लागार लुकडा होता, बोलताना गालात पेपरमिंट फिरवत होता.

"मिळतं ना," तो म्हणाला. "पगारी माणूस हवा, पावती हवी, पैसे बँकेतून गेलेले हवेत. कोण आहे तुमच्याकडे?"

"मीच करते सगळं."

"तुम्ही म्हणजे बायको. नात्यातलं चालत नाही."

"पण काम तेच आहे. मी नोकरी सोडून करते आहे."

"बाई, तुम्ही करता ते प्रेमाच्या खात्यात. सरकारकडे त्या खात्याला रकाना नाही."

"आणि मी केलं तर?" आईनं विचारलं.

"सासूबाई, तुम्हीही नात्यातच. कितीही भांडलात तरी." मग तो पेपरमिंट दुसऱ्या गालात ढकलून हसला. "शेजारीण चालते. तुमच्या शेजारणीच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर बघा. तिनं तुमचं करावं, तुम्ही तिचं. दोघींना पावत्या."

तो गमतीनं बोलला होता. पण लेकीच्या इमारतीत, बरोबर खालच्या मजल्यावर, एक सासू पक्षाघातानं पडून होती, सगळे तिला आजी म्हणत. तिची सून सगळं करायची, मुलगा बँकेत कॅशियर होता. त्याच्याही पगारातून कर कापला जायचाच.

लेकीनं लगेच विचारलं, "हे खोटं नाही होणार?"

"काम खरंच केलं, पैसे खरंच दिले, तर खोटं कसं? फक्त पावतीवर जे तास लिहाल ते खरे असू द्या. उद्या कुणी विचारलं तर पंचाईत नको."

एवढंच तो म्हणाला. ऐकणारा दुसरा कुणीही असता तर त्यानं मान हलवली असती आणि जिना उतरताना विसरला असता. आईनं लेकीकडे पाहिलं, आणि तिला कळलं की वाक्य आत जाऊन बसलं आहे.

अशी अदलाबदल सुरू झाली. दोघींनी किल्ल्या बदलून घेतल्या. सकाळी आठ वाजता एक जिना चढायची, एक उतरायची, मध्ये भेट व्हायची. इमारतीत दोघींना नावंच पडली, वरची आणि खालची, आणि त्याही एकमेकींना त्याच नावानं हाक मारू लागल्या. "काय गं वरचे, झोपली का रात्री?" "तू सांग खालचे, आजींनी किती शिव्या घातल्या?" महिन्याच्या शेवटी एक चेक वर यायचा, तेवढ्याच रकमेचा एक खाली जायचा. पहिल्या वर्षी कराचे पैसे परत आले, तेव्हा व्यायामवाला आठवड्यातून तीनदा येऊ लागला. सुरुवातीला जावईसुद्धा रंगात आला होता. कुणी भेटायला आलं की म्हणायचा, "बायको नोकरीला गेलीय. ऑफिस जवळच आहे, माझ्या पलंगाखाली."

पण लेक तास पाळायची. आठ ते सहा वर पाऊल टाकायची नाही. खालचीला ते विचित्र वाटायचं. ती स्वतः दिवसातून चारदा आपल्या घरी डोकावून जायची, सासूच्या तोंडात गोळी टाकायची, परत वर यायची. लेक म्हणायची, "तुझे तुझ्यापाशी. मी सही केलीय."

पुढच्या वर्षी सल्लागार म्हणाला, तास वाढवले तर जास्त सूट मिळेल. मग संध्याकाळचं अंग पुसणं आणि पाठ बघणंही खालचीच्या वाट्याला गेलं, आणि आजींचं हिच्या. रात्री नवऱ्याची कूस बदलायला लेक उठायचीच, पण त्याची झोप मोडू नये म्हणून दिवा लावायची नाही. अंधारात, खांद्याला आणि गुडघ्याला धरून, हातांच्या सवयीनं वळवायची, उशा लावायची. नवऱ्याची पाठ उजेडात पाहून तिला किती दिवस झाले होते, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ज्या बाईनं जन्मभर सगळं मोजलं, तिच्याकडून हे निसटलं.

आई या खेपेला गेली, तेव्हा तिला लेक बदललेली दिसली. अंगावर थोडं मांस चढलं होतं. जेवताना ती आजींच्या गोष्टी सांगत होती. आजींना पक्षाघातानंतर दोनच शब्द उरले होते, 'नको' आणि 'गाढवा'. त्या दोन शब्दांत त्या दिवस काढायच्या. "गाढवा म्हणजे पाणी हवं. लांब गाढवा म्हणजे पाय दुखतोय. आणि मी केस विंचरले ना, की हळूच, लाडात गाढवा," असं सांगता सांगता लेक हसली. आई बघतच राहिली. तिला हे हसू इतकं हवं होतं की तिनं दुसरं काही पाहिलंच नाही. जावई गप्प होता, चेहरा मेणासारखा झाला होता, तिकडे तिचं लक्षच गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालची औषधाच्या दुकानात गेली होती. वर आई आणि जावईच होते. अचानक त्याचे पाय उडायला लागले. तसे ते अधूनमधून उडायचे, आपले आपणच, त्याच्या हातात काही नसायचं. पण या वेळी धक्क्यानं तो उशीवरून घसरला आणि पलंगाच्या कडेला कलंडला.

"आई, कुणाला तरी बोलवा," तो म्हणाला.

आई गुडघे धरत जिना उतरली. लेक आजींना भरवत होती.

"चल वर. ते कलंडलेत."

लेक चमचा हातात घेऊन अर्धवट उठली. आजींच्या तोंडात घास होता. ती पुन्हा बसली. "घास अडकेल गं यांचा. खालची कुठेय?"

"औषधं आणायला."

"येईलच ती. तू डाव्या बाजूला उशी लाव आणि धरून ठेव. रात्री आठपर्यंत वरचं तिच्याकडे असतं, आई."

हे ती तुसडेपणानं बोलली नाही. तोंड पुसायचा कपडा आजींच्या हनुवटीखाली धरून, काळजीनं बोलली. ती तशीच वर आली, जावयाच्या खांद्याखाली हात घातले आणि सगळा जोर लावून त्याला कुशीवर वळवलं. सदरा वर सरकला. खाली जाड पट्टी होती, आणि पट्टीच्या कडेनं वास येत होता. आईनं पट्टी उचलून पाहिली. लहान मुलाची मूठ मावेल एवढा खड्डा होता. कड काळी पडली होती.

आईनं पट्टी परत लावली.

"कधीपासून आहे हे?"

"काय?"

"मला म्हातारीला बनवू नका."

तो भिंतीकडे तोंड करून होता. "झाले बरेच दिवस. खालच्या वहिनी करतात पट्टी. मला दुखत नाही."

"दुखत नाही म्हणून तर भीती. डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही. हिला कळेल."

"कळायलाच हवं."

"आई, ती खाली हसते. खिडकी उघडी असली की मला ऐकू येतं. दोन वर्षं ती इथे माझ्यापाशी बसली, एकदा हसली नाही. हे कळलं तर ती उद्या सगळं बंद करेल आणि पुन्हा इथे येऊन बसेल. मग आम्ही दोघं ही भिंत बघत बसू."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर सुटेल बिचारी."

"असलं बोलू नका."

"थट्टेत नाही बोलत. तुम्ही तिच्या आई आहात. तुम्हाला कळतं मी काय म्हणतो ते. सांगणार नाही म्हणा."

आणि आई म्हणाली, "नाही सांगणार."

का म्हणाली, ते तिला तेव्हाच कळलं होतं, आणि तेच तिला टोचत होतं. जावयाची दया आली म्हणून नव्हे. समोर एका बाजूला त्याची पाठ होती आणि दुसऱ्या बाजूला जेवताना हसणारी लेक, आणि एक क्षणभर आईचं मन सरळ लेकीकडे गेलं होतं. तो माणूस स्वतःहून ते देऊ करत होता. तिनं घेतलं.

संध्याकाळी तिनं खालचीला जिन्यात गाठलं. खालचीनं काही लपवलं नाही. ती पायरीवर बसूनच बोलली.

"मावशी, मी आधीच सांगणार होते. ते सांगू देईनात. अंगानं केवढे आहेत बघा, मला एकटीला वळत नाहीत. दोन तासांनी म्हणता म्हणता चार तास होतात. मी घरी चक्कर मारायला जाते तेव्हा आणखी होतात."

"मग तिला म्हणायचं, मला झेपत नाही."

"कुठल्या तोंडानं म्हणू? आमच्या आजींची पाठ तुम्ही पाहिलीत? तान्ह्या पोरासारखी ठेवलीय तिनं. एक पुळी नाही. मी स्वतः करत होते तेव्हा सुद्धा नव्हती अशी. आणि मी तिच्या माणसाचं हे करून ठेवलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "रोज सकाळी ती विचारते, कसे आहेत गं. मी म्हणते, मस्त."

आईला तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडून करणार काय? तिनं स्वतःही दुपारी तेच केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांना बोलाव." खालची "बघते" म्हणाली. ते ज्या तऱ्हेनं म्हणाली, त्यावरूनच कळलं की ती बोलावणार नाही. डॉक्टर आले तर दवाखान्यात न्या म्हणणार, आणि तिथे सहीला बायकोच लागणार.

दुसऱ्या दिवशी आई परत निघाली. राहते म्हणाली असती तर लेकीनं कारण विचारलं असतं. बसस्टँडवर सोडायला लेक आली नाही, आठ वाजून गेले होते. खिडकीतून हात केला, तोही आजींच्या खिडकीतून.

तेव्हापासून आई घरात वस्तू हरवत होती. चष्मा धान्याच्या डब्यावर, दुधाची पिशवी कपाटात. जखमेचं काय होतं, हे तिनं वाचून काढलं होतं, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं. विष रक्तात जातं. माणसाला दुखत नाही, तो फक्त मलूल होतो, ताप येतो, आणि मग फार वेळ मिळत नाही.

आज सकाळी लेकीचाच फोन आला, आठच्या आधी, रोजच्यासारखा.

"आई, औषधं घेतलीस?"

"घेतली. ते कसे आहेत?"

"जरा गप्प आहेत. रात्री वळवताना अंग कोमट लागलं. पाणी कमी पितात ना, त्यानं असेल. खालचीला सांगते, दिवसभर पाजत राहा म्हणून." मग आवाज खुलला. "काल आजींनी नवा शब्द काढला. काय सांग?"

"काय?"

"माझं नाव. अर्धंच, पण काढलं." ती हसली. "चल, ठेवते. वेळ झाली."

फोन बंद झाला तरी आई तो कानाशी धरून उभी राहिली. मग खाली बसली. खालचीला फोन करावा, दरडावून म्हणावं, आत्ता डॉक्टर बोलाव. खालची परत "बघते" म्हणेल. डॉक्टरांना आपणच करावा, तर ते म्हणतील, आधी घरच्या बाईंना बोलू द्या. जावयाला करावा. फोन त्याच्या कानाशी धरणार खालचीच. आणि बोलायचं काय? दिलेला शब्द परत घ्यायला परवानगी मागायची? तो देणार नाही. तो जे द्यायला बसला होता, ते त्यानं ठरवून टाकलं होतं. आईनं ते घेतलं, म्हणून त्याचं ओझं हलकं झालं असेल, पण लेकीला कुणी विचारलं होतं का, असं हसू तुला हवंय का म्हणून?

हे सगळे फोन म्हणजे एकच फोन टाळायची तऱ्हा होती, हे आईला दिसत होतं. लेकीला कळलं की ती हसणार नाही. कदाचित पुन्हा कधीच नाही. खालचीचं तोंड बघणार नाही, आईलाही विचारेल, तुला कधीपासून माहीत होतं, आणि आईला दिवस सांगावा लागेल. ते सगळं होणारच होतं. न सांगून ते चुकणार नव्हतं, फक्त तोवर तो माणूस उरला नसता, आणि मग लेकीला धरायलाही कुणी उरलं नसतं.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. लेक या वेळेला आजींचं अंग पुसत असणार, फोन ओट्यावर, कदाचित उचलणार नाही. उचलला नाही तर पुन्हा लावायचा. तरी नाही तर कॅशियरला बँकेत लावून निरोप द्यायचा. शब्द मोडला याबद्दल जावयाची माफी नंतर, समोर बसून मागता येईल, तो समोर असला तर.

पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते तिनं ठरवून ठेवलं. कसं सांगू, काय सांगू, रडू नकोस, यातलं काही नाही. तिनं चष्मा पुसला, लेकीचा नंबर काढला आणि पलीकडे घंटी वाजायची वाट बघत ओठांतल्या ओठांत ते एकदा म्हणून पाहिलं.

"हातातलं ठेव. वर जा."